नैसर्गिक हवेवर चालणाऱ्या कारखान्याचे ऊर्जा-मॉडेल: ३५.६ टक्क्यांवरून १४.७ टक्क्यांवर

हे प्रकरण एका प्रातिनिधिक कारखान्याचे आहे. हिशोब शेवटपर्यंत हाताने पडताळता यावा म्हणून मोजमापे नेमकी आणि सोपी धरली आहेत. काम पत्र्याचे सुटे भाग बनवण्याचे आणि जुळवणीचे, हवामान अतिउष्ण-दमट, म्हणजे अ‍ॅश्रे या अमेरिकी तांत्रिक संस्थेच्या वर्गवारीत १-ए. शेड ९६ मीटर लांब, ४८ मीटर रुंद, क्षेत्रफळ ४,६०८ चौ.मी. कडेची उंची ७ मीटर आणि छताचा उतार दहास एक, म्हणून माथा ९.४ मीटरवर. शेडला लागून ४०० चौ.मी.चे वातानुकूलित ऑफिस. दोन शिफ्ट मिळून दिवसाचे १६ तास, वर्षाचे ३०० दिवस, म्हणजे ४,८०० तास. शेडमध्ये एसी नाही आणि हीटिंगही नाही. भिंतीतल्या लूव्हरमधून हवा आत येते, माथ्यावरच्या रिज व्हेंटमधून बाहेर जाते. कामगारांसाठी छताला सहा मोठे एचव्हीएलएस (संथ फिरून भरपूर हवा हलवणारे) पंखे आहेत.

मागणी लीड या हरित-इमारत प्रमाणन पद्धतीच्या चौथ्या आवृत्तीतल्या प्रमाणपत्राची. तिथे ऊर्जेची तुलना अ‍ॅश्रे ९०.१ या ऊर्जा-मानकाच्या २०१० च्या आवृत्तीतील अपेंडिक्स जी प्रमाणे होते: नियमात बसणारी एक काल्पनिक इमारत, म्हणजे बेसलाइन, आणि तिच्यासमोर प्रत्यक्ष आराखडा, म्हणजे प्रपोज्ड. मार्च २०२४ पूर्वी नोंदलेल्या नव्या इमारतीला खर्चात किमान ५ टक्के बचत दाखवल्याशिवाय दारच उघडत नाही. गुण ६ टक्क्यांपासून सुरू होतात आणि सुरुवातीच्या पायऱ्यांवर दर २ टक्क्यांना एक वाढतो.

पहिले मॉडेल आणि त्यातली हवेतली बचत

पहिल्या मॉडेलमध्ये बचत ३५.६ टक्के निघाली होती. युक्तिवाद ऐकायला सरळ वाटतो: एवढ्या उन्हाळ्यात दुसऱ्या कोणी शेडला एसी बसवला असता, आपण बसवला नाही, तर ती वीज वाचली. म्हणून बेसलाइनमधल्या शेडला एसी दिला, त्याचे वर्षाचे सुमारे ४,००,००० युनिट धरले, आणि प्रपोज्डमध्ये त्या जागी शून्य ठेवले. बेसलाइन १४,६२,६६० युनिट झाली, प्रपोज्ड ९,४१,७१० युनिट.

समीक्षेत ही आकडेवारी एका प्रश्नावर कोसळते: ही जागा 'कंडिशन्ड' आहे का? जिथे हीटिंग नाही, कूलिंग नाही आणि शेजारच्या वातानुकूलित भागातून पुरेशी हवा किंवा उष्णताही येत नाही, ती जागा ९०.१ च्या व्याख्येत 'अनकंडिशन्ड' ठरते. मग तिथे दोन्ही मॉडेलमध्ये एसी नाही. जी यंत्रणा कोणी बसवणारच नव्हते, ती न बसवल्याचे श्रेय मिळत नाही.

'अप्रत्यक्ष कंडिशन्ड' ही मधली वर्गवारी मात्र तपासून कागदावर आणावी. वातानुकूलित भागाकडून या जागेत तासाला तीनपेक्षा जास्त हवाबदल होण्याइतकी हवा येत असेल, किंवा वातानुकूलित भागाशी असलेला यूए (यू-मूल्य, म्हणजे भिंत-छतातून उष्णता जाण्याचा दर, गुणिले क्षेत्रफळ) बाहेरच्या हवेशी असलेल्या यूएपेक्षा जास्त असेल, तर जागा त्या वर्गात जाते. इथे ४०० चौ.मी.च्या ऑफिसची एक भिंत आणि समोर ४,६०८ चौ.मी.चे छत, म्हणजे प्रश्नच उरत नाही. तरी हे दोन ओळींचे गणित अहवालात असावे, नाहीतर पुढच्या फेरीत तोच प्रश्न परत येतो.

दुसरी वाट सुचवली जाते ती 'हायब्रिड'ची: दोन्ही मॉडेलमध्ये शेडला एसी आहे असे मानायचे आणि प्रपोज्डमध्ये बाहेरची हवा पुरेशी असेल तेवढे तास तो बंद ठेवायचा. जिथे एसी खरोखर बसतो आणि खिडक्या मोटरवर चालतात, तिथे ही पद्धत रास्त आहे. पण अपेंडिक्स जीच्या वेळापत्रकाच्या कलमात एक वाक्य आहे, ते या शेडला लागू पडते. स्वयंचलित नैसर्गिक वायुवीजनासाठी दोन मॉडेलची वेळापत्रके प्रमाणन संस्थेच्या मान्यतेने वेगळी ठेवता येतात, नियंत्रण हाताने होत असेल तर कधीच नाही. इथले लूव्हर स्थिर आहेत आणि शटर हाताने वर जातात. म्हणून हीही वाट बंद. ज्यांना ती हवी आहे त्यांनी मोटर, तापमान-सेन्सर आणि इंटरलॉक आराखड्यातच घालावेत आणि मॉडेल सुरू करण्यापूर्वी संस्थेकडून लेखी उत्तर घ्यावे. मॉडेल झाल्यावर विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर सहसा गैरसोयीचे येते.

शेड अनकंडिशन्ड ठरली की तीन गोष्टी आपोआप बदलतात. शेडच्या छत-भिंतीच्या यू-मूल्यांना तक्त्यातले बंधन राहत नाही, ते आवरण दोन्ही मॉडेलमध्ये सारखेच ठेवायचे. छताच्या इन्सुलेशनने कामगाराला फायदा होतो, ऊर्जेच्या टक्क्यात तो दिसत नाही. दुसरे, ऑफिस आणि शेड यांच्यामधली भिंत 'सेमी-एक्स्टेरियर' होते आणि तिला तक्त्यातला सेमी-हीटेड (किंचित तापवलेल्या जागांचा) स्तंभ लागतो, बाहेरच्या भिंतीचा नव्हे. तिसरे, बेसलाइनची एसी यंत्रणा निवडताना मजले आणि कंडिशन्ड क्षेत्रफळ बघतात. इथे ते ४०० चौ.मी., म्हणजे २५,००० चौ.फुटांच्या (सुमारे २,३२३ चौ.मी.) खूप खाली. हीटिंगचा स्रोत वीज धरली तर सिस्टिम ४, म्हणजे पॅकेज्ड सिंगल-झोन हीट पंप. शेडसकट ५,००८ चौ.मी. भरले तर तीन मजल्यांच्या आतल्या इमारतीला पॅकेज्ड व्हीएव्ही (हवेचा प्रवाह गरजेनुसार बदलणारी यंत्रणा) लागते, आणि छोट्या ऑफिसला अकारण री-हीटवाली, म्हणजे थंड हवा पुन्हा तापवणारी बेसलाइन मिळून खोटी बचत उगवते. ही चूक फार दिसते, कारण सॉफ्टवेअरचा विझार्ड एकूण क्षेत्रफळ विचारतो आणि माणूस प्रामाणिकपणे ते भरतो.

बेसलाइन चार दिशांना फिरवून सरासरी काढायचा नियम इथेही आहे, पण फरक पडतो तो फक्त ऑफिसच्या काचांवर. अर्ध्या टक्क्याचाही नाही.

मशीनचा भार: इथेच टक्का ठरतो

एसी काढून टाकला की उरते काय? मशीन, कंप्रेसर, पंखे, दिवे आणि ते ऑफिस. पहिल्या तिघांना बोलीभाषेत प्रोसेस लोड म्हणतात, आणि या कारखान्यात तो बेसलाइनच्या ७७ टक्के आहे. प्रोसेस दोन्ही मॉडेलमध्ये सारखाच (कंप्रेसरचा अपवाद पुढे येतो). म्हणजे बचतीच्या अपूर्णांकात वर तो नाही, खाली मात्र पूर्णपणे बसलेला आहे.

नेमप्लेटचे आकडे मॉडेलमध्ये टाकले तर काय होते ते बघण्यासारखे आहे. मशीनची जोडलेली क्षमता ४२० किलोवॉट. शिफ्टभर सगळी पूर्ण भारावर चालतात असे धरले तर वर्षाला २०,१६,००० युनिट. प्रत्यक्षात प्रेस थांबते, वेल्डिंग सेट आर्क नसताना जवळजवळ रिकामा असतो, सीएनसी सेटिंगमध्ये वेळ खाते. फीडरवर लॉगर लावून सरासरी भार ३० टक्के, म्हणजे १२६ किलोवॉट, आणि ६,०४,८०० युनिट. दिवे आणि ऑफिस यांची मिळून बचत १,२०,९५० युनिट आहे. खऱ्या भारावर ती ११.४ टक्के भरते. नेमप्लेटवर भागायला २४,७३,८६० युनिट येतात आणि टक्का ४.९ वर घसरतो. पूर्वअट ५ ची. चांगला कारखाना फक्त एका आळशी आकड्यामुळे दाराबाहेर राहतो.

उलट बाजूही तितकीच निसरडी. प्रोसेस मुद्दाम कमी दाखवला की टक्का फुगतो, आणि समीक्षकाला हे ठाऊक असते. लीडच्या २००९ च्या आवृत्तीत प्रोसेससाठी बेसलाइन खर्चाच्या २५ टक्के असा ठोकताळा होता. तो आकडा अजूनही जुन्या फाइलींतून नव्या मॉडेलमध्ये उतरवला जातो. कारखान्यात त्याला काही अर्थ नाही. मागितला जातो तो पुरावा: मशीनची यादी, प्रत्येकीची क्षमता, चालण्याचे तास, भारांक आणि त्याचा आधार. कारखाना अजून उभा नसेल तर त्याच कंपनीच्या चालू शाखेत तशाच मशीनवर निदान आठवडाभर, दोन्ही शिफ्ट धरून, क्लॅम्प लॉगर लावावा. सुट्टीच्या दिवसाचा भारही नोंदवावा, कारण कंट्रोल पॅनेल आणि सर्व्हर रविवारी झोपत नाहीत.

एचव्हीएलएस पंखेही प्रोसेससारखेच सरळ दोन्हीकडे: सहा पंखे, प्रत्येकी १.१ किलोवॉट, वर्षाला ३,६०० तास, २३,७६० युनिट.

हवा किती वाहते

ऊर्जेच्या टक्क्यात नैसर्गिक हवा येत नाही म्हटल्यावर ती मॉडेल कशाला करायची, असे वाटू शकते. दोन कारणांसाठी. हवेच्या गुणवत्तेच्या पूर्वअटीला अ‍ॅश्रे ६२.१ या वायुवीजन-मानकाची नैसर्गिक वायुवीजनाची तपासणी लागते, शिवाय सिब्से या ब्रिटिश संस्थेच्या एएम१० मार्गदर्शिकेतल्या प्रवाह-आकृतीने ही पद्धत तिथे चालेल हे दाखवावे लागते. आणि आत माणसे काम करतात.

६२.१ चा नियम: भिंतीतल्या उघडणाऱ्या झडपांचे निव्वळ मोकळे क्षेत्र मजल्याच्या किमान ४ टक्के. ४,६०८ चे ४ टक्के म्हणजे १८४.३ चौ.मी. मूळ आराखड्यात दोन्ही लांब भिंतींना १.२ मीटर उंचीचे लूव्हर होते: ९६ × २ × १.२ = २३०.४ चौ.मी. आर्किटेक्टच्या मते काम झाले. पण लूव्हरच्या पात्यांमधून मोकळी जागा ४५ टक्केच, म्हणजे १०३.७ चौ.मी. नियम सरळ सांगतो की लूव्हर किंवा जाळी असेल तर निव्वळ मोकळे क्षेत्र धरा. उपाय म्हणून लूव्हरची उंची २ मीटर आणि मोकळे क्षेत्र ५० टक्के असे पाते निवडले: १९२ चौ.मी., पास. पुरवठादाराच्या तक्त्यात मोकळ्या क्षेत्राचा टक्का नसेल तर तो लूव्हर घेऊ नये, एवढा साधा नियम खरेदी विभागाला द्यावा. अंतराची अट दोन्ही बाजूंना झडपा असल्यास कमाल पाच पट छताची उंची, सर्वांत कमी उंची धरली तरी ३५ मीटर. शेडच्या मध्यापर्यंत २४ मीटर, अडचण नाही.

आता खरी गोष्ट. उन्हाळ्यातल्या दुपारी शेडमध्ये जमा होणारी उष्णता अशी: मशीन १२६, दिवे २५, सुमारे दीडशे माणसांची संवेद्य उष्णता १५, छतातून ५५ आणि स्कायलाइटमधून ५० किलोवॉट, मिळून सुमारे २७०. वारा नाही असे धरू, कारण वाईट तास तोच. फक्त गरम हवा वर जाण्याच्या जोरावर, म्हणजे स्टॅकवर, किती हवा निघेल?

रिज व्हेंटचा गळा ०.६ मीटर, लांबी ९० मीटर, म्हणजे ५४ चौ.मी. लूव्हरच्या मध्यापासून रिजपर्यंत उंची ८ मीटर. खालचे १९२ आणि वरचे ५४ मालिकेत जोडले की परिणामी क्षेत्र ५२ चौ.मी. येते: दोघांचा गुणाकार भागिले दोघांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ. डिस्चार्ज गुणांक, म्हणजे झडपेतून प्रत्यक्षात निघणाऱ्या प्रवाहाचे प्रमाण, ०.६. आत-बाहेर ४ अंशांचा फरक धरला तर प्रवाह ४४.५ घनमीटर प्रति सेकंद, आणि ही हवा सुमारे २०६ किलोवॉट वाहून नेते. २७० न्यायला फरक ४.८ अंशांपर्यंत चढतो, प्रवाह ४८.७ होतो. ३७,७८६ घनमीटरच्या शेडमध्ये हे तासाला ४.६ हवाबदल.

या गणितात एक गोष्ट डोळ्यांत भरते. लूव्हर पूर्वीसारखेच, १०३.७ चौ.मी. ठेवले असते तर फरक ४.८ वरून ५.१ झाला असता, बस. पण पक्षी येतात म्हणून रिजमध्ये बारीक जाळी आणि पावसासाठी खोल टोपी बसवून गळा अर्धा, म्हणजे २७ चौ.मी. झाला, तर फरक थेट ७.५ अंश. ६२.१ ची तपासणी भिंतीवर पास-नापास ठरते, उष्णता मात्र माथ्यावर अडते. साइटवर नेमकी हीच जाळी मागाहून बसते, ड्रॉइंगमध्ये ती नसते. रिज व्हेंटच्या ऑर्डरमध्ये 'जाळी-टोपीसह निव्वळ गळा ५४ चौ.मी.' असे लिहून घेणे हा या सगळ्या अभ्यासातला सर्वांत स्वस्त उपाय.

सॉफ्टवेअरमध्ये हे कसे बिघडते ते बघू. एनर्जीप्लस या ऊर्जा-मॉडेलच्या सॉफ्टवेअरमध्ये सर्वांत सोपी वाट म्हणजे ठरावीक हवाबदलाचा 'डिझाइन फ्लो रेट' ऑब्जेक्ट. त्याचे मूळ गुणांक असे आहेत की तापमान-फरक आणि वारा यांचा काही परिणामच होत नाही. १० हवाबदल लिहिले की वर्षभर १०. शेड मॉडेलमध्ये थंड राहते आणि बाहेर कामगार घामाने निथळतो.

'विंड अँड स्टॅक ओपन एरिया' हा त्याहून चांगला, पण त्यात उंचीचा रकाना आहे, आणि तो झडपेच्या मध्यापासून न्यूट्रल प्रेशर लेव्हलपर्यंतचा (जिथे आतला आणि बाहेरचा दाब समान असतो), झडपेपासून झडपेपर्यंतचा नव्हे. आपल्या शेडमध्ये वरचा गळा अरुंद असल्याने न्यूट्रल पातळी खाली, लूव्हरच्या मध्यापासून जेमतेम ०.५९ मीटरवर येते. म्हणून या रकान्यात एकतर ५४ चौ.मी. आणि ७.४ मीटर लिहायचे, किंवा १९२ चौ.मी. आणि ०.५९ मीटर. डिस्चार्ज गुणांक ०.६ लिहून दोन्हींनी ४ अंशांना तोच ४४.५ येतो. दोन्ही लिहिले तर हवा दुप्पट. आणि १९२ चौ.मी. सोबत ८ मीटर लिहिले, जे सर्वांत जास्त वेळा घडते, तर १६४.५ घनमीटर प्रति सेकंद, म्हणजे खऱ्याच्या ३.७ पट. गुणांक 'ऑटोकॅल्क्युलेट' ठेवला तर तो ०.४० अधिक ०.००४५ गुणिले तापमान-फरक या सूत्राने येतो, ४ अंशांना ०.४२. टोपीवाल्या रिजसाठी तो वाईट अंदाज नाही, पण हाताच्या गणितात ०.६ आणि मॉडेलमध्ये ०.४२ ठेवून दोन्ही जुळत नाहीत म्हणून दिवस घालवू नये.

याच ऑब्जेक्टमध्ये वारा आणि स्टॅक दोघांना एकच क्षेत्रफळ मिळते. स्टॅकसाठी ५४ योग्य, वाऱ्यासाठी एका बाजूच्या लूव्हरचे ९६. वेगळा दुसरा ऑब्जेक्ट टाकून उंची शून्य केली तर चालते, पण एकाच ऑब्जेक्टमध्ये दोन्ही प्रवाह वर्गांच्या बेरजेच्या वर्गमुळाने जुळतात आणि दोन वेगळ्यांत सरळ बेरीज होते, म्हणून हवा जास्त दिसते. वाऱ्यावर भिस्त असेल तर एअरफ्लो नेटवर्ककडे, म्हणजे झडपांमधला दाब आणि प्रवाह सोडवणाऱ्या भागाकडे जावे. ते चालू केले की झोनमधले इन्फिल्ट्रेशन आणि व्हेंटिलेशनचे साधे ऑब्जेक्ट दुर्लक्षिले जातात, त्यामुळे जुने ऑब्जेक्ट शिल्लक असले तरी त्यांचा उपयोग नाही. आणि त्यातले आपोआप काढलेले दाब-गुणांक साध्या चौकोनी इमारतीचे असतात. रिज मॉनिटरसारख्या आकारासाठी ते आपण द्यावे लागतात.

वाऱ्याचा वेगही तपासावा. हवामान-फाइलमधला वेग मोकळ्या मैदानातला, १० मीटर उंचीवरचा. उपनगरी परिसरात ५ मीटर उंचीवर तो ०.६१५ पट होतो, म्हणजे ३ मीटर प्रति सेकंदाचे १.८५. तिरक्या वाऱ्याला गुणांक ०.३ धरून ९६ चौ.मी. मधून ५३ घनमीटर प्रति सेकंद येतात. दुरुस्ती विसरली तर ८६.

आत बसणाऱ्या माणसाचे काय

नैसर्गिक हवेच्या इमारतीसाठी अ‍ॅश्रे ५५ ची अ‍ॅडॅप्टिव्ह पद्धत सगळ्यांना पाठ असते: बाहेरच्या प्रचलित सरासरी तापमानाला ०.३१ ने गुणून १७.८ मिळवा. सरासरी २८ असेल तर २६.५, आणि ८० टक्के समाधानाची वरची मर्यादा ३० अंश. आलेख छान दिसतो, कारखान्याच्या अहवालात तो सर्रास चिकटवला जातो. पण २०१० च्या आवृत्तीत ही पद्धत लिहिली आहे ती १.० ते १.३ मेटच्या (मेट म्हणजे शरीर किती उष्णता निर्माण करते त्याचे माप), म्हणजे बसून हलके काम करणाऱ्या माणसासाठी. हलके मशीनकामच २.० मेटच्या पुढे जाते. प्रेससमोर उभ्या माणसाला ऑफिसचा आलेख लावणे हे समीक्षकाने पकडले नाही तरी चूकच.

इथे उष्णतेचा ताण डब्ल्यूबीजीटीने (ओल्या बल्बचे आणि ग्लोबचे तापमान एकत्र करणाऱ्या निर्देशांकाने) मोजणे योग्य. आयएसओ ७२४३ मध्ये हवामानाला सरावलेल्या, मध्यम श्रमाच्या माणसासाठी संदर्भ-मर्यादा २८ अंश आहे. बाहेर ३४ अंश आणि हवेत किलोमागे १७ ग्रॅम बाष्प अशी दुपार घ्या. आत ४.८ अंशांची भर पडून ३८.८. ओल्या बल्बचे सुमारे २६.५, ग्लोब (काळ्या गोळ्यातल्या तापमापकाचे तापमान) ४० धरला तर डब्ल्यूबीजीटी ०.७ × २६.५ + ०.३ × ४० = ३०.६. मर्यादेच्या बरेच वर. रिजचा गळा ०.६ वरून १ मीटर केला तर भर ३.६ अंशांवर येते, डब्ल्यूबीजीटी अर्ध्या अंशाच्या आसपास उतरतो. मग वायुवीजन अमर्याद केले तर? बाहेरच्या सावलीतल्या हवेचाच डब्ल्यूबीजीटी सुमारे २८ आहे. अशा तासाला कितीही हवा वाहवली तरी मर्यादेच्या खाली जाता येत नाही. म्हणून त्या तासांसाठी विश्रांतीचे वेळापत्रक आणि जिथे माणूस उभा असतो तिथे स्पॉट-कूलिंग, हे आराखड्यात वेगळे लिहावे लागते. स्पॉट-कूलिंग वाढत जाऊन जागेची कूलिंग-क्षमता व्याख्येतल्या 'कूल्ड स्पेस'च्या मर्यादेपर्यंत गेली तर मात्र वर्गवारीचा सगळा प्रश्न पुन्हा उघडतो. तो हिशोब आधी करावा.

एचव्हीएलएस पंख्यांबद्दल एक टीप. ३.६ अंश, ४.८ अंश ही सरासरी हवा. शांत शेडमध्ये गरम थर छताशी राहतो आणि माणसाच्या उंचीवर भर कमी असते. दुपारी पंखे जोरात फिरवले की तो थर खाली येतो. हवेचा वेग मिळतो, तापमानही वाढते. मॉडेलमध्ये शेड एकच झोन असेल तर हे दिसत नाही. खालचा तीन मीटरचा आणि वरचा असे दोन झोन करून मधे आडवी झडप द्यावी, आणि पंखे चालू असलेल्या तासांत दोन्हींचे मिश्रण वाढवावे.

दिवे आणि कंप्रेसर

कडेची उंची धरून शेड २५ फुटांखालच्या 'लो बे' वर्गात घेतली, तिथे चौ.फुटाला १.१९ वॉट मिळतात, म्हणजे १२.८ वॉट प्रति चौ.मी. एलईडीने ५.५ वर आणले. डेलाइट नियंत्रण मात्र दोन्ही मॉडेलमध्ये सारखे, ३५ टक्के घट, असे ठेवले. २०१० च्या आवृत्तीत मोठ्या टॉपलाइट (छतातून उजेड येणाऱ्या) क्षेत्राखाली ते सक्तीचे आहे. सक्तीच्या वस्तूची बचत मागून समीक्षेत तोंडघशी पडण्यापेक्षा हे बरे. मशीनला जोडलेले दिवे प्रोसेसमध्ये.

कंप्रेसर ५५ किलोवॉटचा लोड-अनलोड स्क्रू. ६० टक्के वेळ भारावर, बाकी वेळ अनलोड असतानाही पूर्ण भाराच्या ३० टक्के वीज, सरासरी ३९.६ किलोवॉट, वर्षाला १,९०,०८० युनिट. प्रपोज्डमध्ये व्हीएसडी (गरजेनुसार वेग बदलणारा) घेतला: तेवढ्याच हवेला पूर्ण भाराच्या ६३ टक्के. शिवाय रिंग मेन (दाबाच्या हवेची मुख्य पाइपलाइन) मोठी करून दाब ८ बारवरून ७ वर, त्याचे ७ टक्के. नवा आकडा १,५४,६८० युनिट. ही बचत अपेंडिक्स जीच्या नेहमीच्या चौकटीत बसत नाही, म्हणून ती 'एक्सेप्शनल कॅल्क्युलेशन' म्हणून वेगळी मांडावी लागते: बेसलाइन यंत्रणा का तशी धरली, दाबाचा आणि प्रवाहाचा आधार, मोजणीच्या नोंदी. अशा बचतीचा वाटा एकूण फरकाच्या निम्म्यापेक्षा जास्त चालत नाही. इथे तो २३ टक्के आहे.

| बाब | बेसलाइन, युनिट | प्रपोज्ड, युनिट |
|---|---|---|
| मशीन | ६,०४,८०० | ६,०४,८०० |
| कंप्रेसर | १,९०,०८० | १,५४,६८० |
| एचव्हीएलएस पंखे | २३,७६० | २३,७६० |
| शेडचे दिवे | १,८४,०२० | ७९,०७० |
| ऑफिस, सगळे मिळून | ६०,००० | ४४,००० |
| एकूण | १०,६२,६६० | ९,०६,३१० |

बचत १,५६,३५० युनिट, १४.७ टक्के. वीज हा एकच स्रोत आणि दर सरसकट, म्हणून खर्चाचा टक्काही तोच. मागणी आकार किंवा वेळेनुसार दर असेल तर खर्च स्वतंत्र काढावा. दिव्यांची बचत शिखर-मागणीतही उतरते, तेव्हा टक्का थोडा वरच जाण्याची शक्यता असते.

१४ टक्क्यांची पायरी मिळाली, म्हणजे पाच गुण. १६ ची पायरी १३,६७६ युनिटांनी हुकते. इथे एक सूचना हमखास येते: दाबाच्या हवेची पाइपलाइनमधली गळती धरा ना. कंप्रेसरच्या विजेतून गळतीचे १० टक्के कमी केले की १५,४६८ युनिट सुटतात आणि टक्का १६.२ होतो. पण नव्या इमारतीत बेसलाइनची पाइपलाइन गळते आणि आपली गळत नाही, हे कोणत्या आधारावर म्हणायचे? दोन्ही कागदावर एकाच दिवशी जन्मलेल्या आहेत. गळती शोधणे ही देखभालीची बाब आहे. ती अल्ट्रासॉनिक तपासणीच्या तिमाही वेळापत्रकासह देखभाल-नियमावलीत गेली, आणि मॉडेल १४.७ वरच दाखल झाले.